वेंगुर्ल्यातली नवी खाणावळ, जुन्या वळणाची

खाडीकाठ

वेंगुर्ल्यात बाजारातून बंदराकडे जाताना आतल्या बाजूला एका कौलारू घराच्या पडवीत खाणावळ सुरू झाली आहे. गेल्या दिवाळीनंतरची, म्हणजे तशी नवीच. चालवणारे नवरा-बायको दोघंही साठीच्या आसपासचे, मुंबईत आयुष्य काढून गावी परतलेले. नाव मुद्दाम देत नाही. काकींनीच बजावलंय, "नाव खंय छापू नका. चाळीस माणसांचा रांधतंय, त्याच्यावर झेपाचा नाय." आपल्या या चर्चामंचाच्या तालुक्यातल्या सभासदांना एवढ्या खुणेवरून कळेल. बाकीच्यांनी बाजारात कुणालाही विचारावं.

धागा काढायचं कारण सांगते. आपल्याकडे हायवेला आणि किनाऱ्याला 'पारंपरिक' अशी पाटी लावलेली हॉटेलं खूप झाली. भिंतीवर सूप, रोवळी, कंदील, दारात बैलगाडीचं चाक. आत बसलं की जाडजूड मेन्यूकार्ड येतं. त्यात पनीर, चायनीज, तंदुरी सगळं असतं आणि शेवटच्या पानावर मालवणी. त्या हॉटेलांवर माझा राग नाही, प्रवासात ती लागतातच. पण जुन्या पद्धतीचं जेवणघर म्हणजे काय, याचा उलगडा मला या पडवीत बसून झाला. इथे भिंतीवर काही टांगलेलं नाही. जुनेपणा सगळा कारभारात आहे.

एक फळा आहे. बाजार करून आल्यावर काका त्यावर खडूने लिहितात. मी परवा गेले तेव्हा लिहिलं होतं: पेडव्याचं तिखलं (पेडवे म्हणजे तारलीसारखी लहान मासळी, तिखलं म्हणजे तिचं बिनखोबऱ्याचं आंबट-तिखट), तळलेला बांगडा, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, उकडा भात, सोलकढी. बस. सुरमई नाही, पापलेट नाही. शेजारच्या बाकावरच्यांनी सुरमई विचारली तर काका म्हणाले, "आज सुरमय बरी नाय गावली. पेडवे खावा, रापणीचे आसत." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मग काका आत जाऊन न शिजवलेले चार पेडवे ताटलीत घालून घेऊन आले. डोळे टपोरे, कल्ले लालभडक, अंगावरचे खवले जागच्या जागी. त्या मंडळींनी मुकाट्याने पेडवे मागवले आणि नंतर भात दोनदा घेतला.

वेळ साडेबारा ते अडीच. रात्री बंद. भात संपला की पाटी उलटी.

आता जेवणाबद्दल. माशाचं कौतुक सगळेच करतील, मला पिठीबद्दल, म्हणजे कुळथाच्या पिठल्याबद्दल लिहायचंय. घराघरांत रोज होणारी, आणि म्हणून हॉटेलवाल्यांनी कधी मनावर न घेतलेली गोष्ट. काकींची पिठी भाताच्या आळ्यात टिकते, पण घट्ट गोळा होत नाही. लसूण ठेचून फोडणीत टाकलेली, कडा तांबूस होईपर्यंत परतलेली. वरून चार खोबऱ्याचे कण. पहिल्या घासाला कुळथाचा भाजका वास येतो, मग मिरची, आणि अगदी शेवटी आमसुलाचा आंबटपणा. उकड्या भाताचा दाणा जाड, पोटाला लालसर रेघ असलेला, शिजूनही आपापला वेगळा. हा भात पिठीबरोबर जसा लागतो तसा बासमतीचा लागूच शकत नाही.

वाढायला काका स्वतः. भात एकदम ढीग नाही, दर वेळी थोडा आणि गरम. "घालू?" एवढंच विचारतात. शाकाहारी ताट ११० रुपये. मासळीच्या ताटाचा दर बाजारावर, तोही फळ्यावरच असतो. परवा १८० होता.

कोणी जाऊन आलं असेल तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा, फक्त जेवून लिहा.

शिरवाळे

जाऊन आलोय. काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी +१. वाटाणा अख्खा, पण जिभेने दाबला की फुटतो. सोडा घालून शिजवलेला असा लागत नाही.

आडाळो

खाडीकाठताई, फोटो न टाकल्याबद्दल आधी आभार. वाचूनच भूक लागली.

एक विचारते. तिखल्यात तिरफळं, म्हणजे ती जिभेला मुंग्या आणणारी मसाल्याची फळं, होती का? आणि असली तर कशी, अख्खी की वाटलेली? माझ्या माहेरी, मालवणात, यावरूनच परीक्षा व्हायची. पेडवे, तारली, बांगडा या तेलकट मासळीला तिरफळ हवंच. पण बी काढून फक्त साल घ्यायची, किंचित ठेचायची आणि उकळी आल्यावर टाकायची. वाटणात घातली की कडवट होते आणि बाकी सगळ्या चवी झाकून टाकते. झाड काटेरी, काढणी जिकिरीची, त्यामुळे हल्ली बरेच जण तिरफळाशिवायच भागवतात आणि गिऱ्हाईकाला फरक कळत नाही.

खाडीकाठ

होती, सालीच होत्या. ताटात तीन आल्या, मी बाजूला काढून ठेवल्या. जेवल्यानंतरही जिभेवर मुंग्या आल्यागत वाटत होतं, म्हणजे माल यंदाचा असावा.

सह्याद्रीपार

मी पुण्याचा, कुटुंबासह फिरायला आलो होतो. या खाणावळीबद्दल लॉजवर कळलं म्हणून मुद्दाम शोधत गेलो. माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा असं वाटतं.

आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी पोचलो. भात संपला होता. काकांनी हात जोडून सांगितलं, वागण्यात काहीच कमी नव्हती. पण बरोबर दोन लहान मुलं आणि सत्तरीची आई. उन्हात परत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी लवकर गेलो तर सुरमई नाही, कोलंबी नाही, मुलांना खाता येईल असं काटे नसलेलं काही नाही. बाकांना पाठ नाही, आईला तासभर बसणं जड गेलं. चव उत्तम होती, यात वाद नाही. पण लांबून येणाऱ्या माणसाचा विचार कुठेच केलेला दिसला नाही. व्यवसाय करायचा तर थोडी तयारी हवी.

दर्यावर्दी

सह्याद्रीपार, तुमच्या आईंची अडचण खरी आहे. बाकाचं त्यांना सांगायलाच हवं.

पण मासळीचं जरा समजून घ्या. मी होडीवाल्यांच्या घरातला. रोज सगळी मासळी मिळते असा समुद्र कुठेच नाही. वारा फिरला, पाणी गढूळ झालं की जाळ्यात येणारं बदलतं. ज्या हॉटेलात वर्षाचे बारा महिने सुरमई, पापलेट, कोलंबी तिन्ही मिळतात तिथे ती शीतपेटीतून येतात, एवढं धरून चाला. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत इकडच्या ताटात दिसणारी मोठी सुरमई फार करून तिकडची, नाहीतर बंदीआधीची बर्फातली. तुम्हाला ताजे पेडवे दाखवून खायला घातले, यात गिऱ्हाईकाचा विचार आहेच.

आणखी एक. पेडवे आणि बांगडे स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखू नये. रापणीत आलेला पेडवा तासाभरात चुलीवर चढला तर त्याच्यापुढे दोन दिवसांची सुरमई मला कोणी फुकट दिली तरी नको. मुलांसाठी काट्याचा प्रश्न आहे, ते मान्य. अशा वेळी आमच्याकडे पोरांना उसळ आणि कढी-भात देतात.

खाडीकाठ, पावसात ही मंडळी काय करणार, बोलणं झालंय का?

खाडीकाठ

झालंय. काकींची तयारी चालू आहे. सुके बांगडे आणि गोलमा (सुका जवळा) भरून ठेवणार, गोलम्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, रोज. पहिल्या पावसात कोणी चढणीचे, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात वर चढणारे मासे आणून दिले तर ते. बाकी टाकळा, अळू, फोडशी, शेवग्याचा पाला, फणसाच्या आठळ्या घालून काळ्या वाटाण्याचं सांबारं. श्रावणात तर बहुतेक नेहमीचे जेवणारे मासळी सोडतातच. म्हणाल्या, "पावसात लोकांक गरम पेज व्हयी." सकाळी आठला पेज आणि खाराची मिरची सुरू करायचा विचार आहे. मला तर त्या पेजेचीच ओढ लागून राहिली आहे.

कोकमगर

सोलकढीबद्दल कोणी लिहिलंच नाही. आमचा आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा छोटा उद्योग आहे म्हणून विचारतो, रंग कसा होता?

खाडीकाठ

फिकट गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारा. भडक अजिबात नव्हता. पेल्यात काही वेळ राहिल्यावर वर दाट आणि खाली पाणी असं झालं. काका येता जाता "ढवळून घेवा" म्हणत होते.

कोकमगर

मग ती खरी. नारळाचा रस आणि आगळ एकत्र ठेवले की थोड्या वेळाने वेगळे होणारच. तासन्‌तास एकसारखी गुलाबी राहणारी सोलकढी दिसली तर विचारावं की आत काय आहे. बरेच जण रंगासाठी बीट घालतात. त्याने अपाय काही नाही, पण ते न सांगता घालू नये.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. गर-बिया वेगळ्या काढून साल त्याच रसात बुडवून उन्हात वाळवतात. हे पुनःपुन्हा केलं की काळी, मऊ आमसुलं होतात. मीठ घालून साठवलेला रस तो आगळ. मे अखेर पाऊस लवकर आला की सालीला बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून चांगलं आमसूल स्वस्त नसतं. 'सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम' म्हणून आपल्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी आपल्याच हॉटेलांत पावडरीची कढी मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या खाणावळीत आगळ वापरतात हे वाचून समाधान वाटलं.

गिरणगाव_ते_गाव

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहायचे. एका खोलीत पंचवीस-तीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीचा येऊन पडायचा. खोलीत चूल नव्हती. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने, पगार झाला की पैसे. या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या, आपल्याकडच्या आणि घाटावरच्या. दहा बाय बाराच्या खोलीत रांधायच्या, वाढायच्या आणि तिथेच राहायच्या. धान्य-सरपणाला सावकाराकडून पैसे उचलायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबले, तेव्हा या बायकांची उधारी अडकली. वडील सांगायचे, आमच्या खाणावळीच्या मावशीने तरीही त्या वर्षी कुणाला उपाशी उठवलं नाही. मंगळसूत्र गहाण पडलं होतं तिचं. पुढे गावाहून वडिलांनी तिला तांदूळ पाठवले, जमतील तितकी वर्षं.

हे सांगायचं कारण, फळ्यावर मोजकेच पदार्थ का, अडीचला बंद का, ठरावीक भातच का, याचं उत्तर त्या पद्धतीत आहे. खाणावळवालीला आज किती माणसं जेवणार ते माहीत असतं. रोजचीच असतात. त्यांच्या मापाने तांदूळ निवडायचे, त्यांच्या खिशाला झेपेल ती मासळी घ्यायची, काही उरू द्यायचं नाही. हॉटेलाला दारात कोण येईल ते माहीत नसतं, म्हणून त्याला सगळंच तयार ठेवावं लागतं, म्हणजे गोठवून ठेवावं लागतं. माझ्या मते खाणावळ आणि हॉटेल यांतला खरा फरक हा आहे. खुर्च्या-टेबलांचा नाही.

म्हणून खाडीकाठताई, माझा एकच प्रश्न. इथे महिन्याचं जेवण मिळतं का? मिळत असेल तर ही खाणावळ टिकेल. फक्त पाहुण्यांवर चालली तर दोन वर्षांत तिचंही मेन्यूकार्ड होईल.

शिरवाळे

तुमच्या मावशीबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खाडीकाठ

गिरणगाव, तुम्ही नेमकं बोललात. हो, महिन्याचं जेवण आहे. पाठीमागच्या भिंतीला एक वही टांगलेली असते, त्यात ज्याने त्याने आपल्या नावापुढे रेघ मारायची. बँकेतले दोन बदलीवर आलेले, शाळेतले एक सर, एस.टी.चे काही कंडक्टर, आणि आमच्या आळीतले एक आजोबा आहेत. काकी याआधी मुंबईत खाणावळीतच हाताखाली होत्या, हे मला तुमचा प्रतिसाद वाचून विचारल्यावर कळलं. लालबागला, लग्नाआधी. वाढायची रीत, वहीची रीत सगळी तिथली.

आजोबांबद्दल सांगते. घरी एकटे, मुलं मुंबईला. बायको गेल्यापासून सकाळी चहा-बिस्कीट आणि दुपारी भात-लोणचं, एवढ्यावर चाललं होतं. आता रोज साडेबाराला छत्री टेकत येतात. एकदा आले नाहीत तर काका जेवणारी माणसं सोडून त्यांच्या घरी बघायला गेले होते. ताप होता. पिठी-भात घरपोच झाला आणि डॉक्टरही आले. आपल्या गावागावांत अशी कितीतरी घरं आहेत जिथे एकच म्हातारं माणूस आहे आणि चूल पेटवायचा कंटाळा केला की कुणाला कळतही नाही. प्रत्येक मोठ्या वाडीत अशी एक पडवी असायला हवी, असं मला अगदी तळमळीने वाटतं.

पाटावरवंटा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि कुणाला दुखवायचं नाही.

जुन्या पद्धतीचं जेवण म्हटलं की आपण सगळे हळवे होतो. पण त्या पद्धतीत पहाटे उठून वाटण वाटणारे हात बाईचे होते. माझ्या आईचा उजवा खांदा कायमचा गेला पाट्यावर. साठीच्या बाईने चाळीस माणसांचं रांधायचं आणि आपण 'व्वा, घरची चव' म्हणायचं, हे मला सोसत नाही. वाटण कशावर होतं? भांडी कोण घासतं? काकी स्वतः किती वाजता जेवतात? हे कोणी पाहिलंय का?

खाडीकाठ

पाटावरवंटा, विचारलंत ते बरं केलंत. मी आत जाऊन पाहिलंय.

वाटण विजेच्या रगड्यावर. दगडी आहे, पण फिरवते मोटर. खोबरं खवायला यंत्र आहे. आडाळो (विळी) कोपऱ्यात आहे तो मासळी आणि भाजीपुरता, आणि त्यावर बहुतेक वेळ काकाच बसलेले असतात. मासळी साफ करणं, वाढणं, गल्ला ही सगळी त्यांची कामं. भांड्यांना आणि भाताला शेजारच्या वाडीतल्या दोघीजणी येतात, त्यांना महिन्याचा पगार आहे. चूल फक्त पाणी तापवायला, बाकी गॅस. काकी सव्वाबाराला, पाटी सरळ करायच्या आधी जेवतात. हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उपाशी पोटान रांधलेला बरा जाता नाय."

जुनी पद्धत पाळायला हात मोडून घ्यायची गरज नाही, हे त्यांना आपल्या आधी कळलंय. चाळीसच्या वर माणसं घ्यायची नाहीत, रात्री चालवायचं नाही, हे त्यामुळेच.

पाटावरवंटा

मग काही तक्रार नाही. उलट आनंद वाटला. पुढच्या महिन्यात येतेय, आईला घेऊन.

जांभा

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे जेवताना लक्ष वर गेलं. पडवीला चिऱ्याची कमरेएवढी भिंत आणि वर लाकडी गज, बाकी उघडं. पश्चिमेचा वारा दुपारी सरळ आत येतो आणि माळ्याच्या फटीतून वर निघून जातो. पंखे आहेत, पण मी होतो तेव्हा बंद होते आणि घाम आला नाही. नव्या काँक्रीटच्या हॉटेलात या हवेसाठी एसी लावावा लागतो.

कौलं मंगलोरी. बाहेरच्या ओळीतल्या काही कौलांच्या पोटाला कारखान्याचा ठसा अजून वाचता येतो. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे अनेक निघाले आणि ही कौलं गलबतांतून आपल्या बंदरांवर उतरायची. बसल्या जागी मान वर केली की हा सगळा व्यापार डोक्यावर दिसतो. मालकांनी खाली फॉल्स सीलिंग मारलं नाही याबद्दल मी त्यांना मुद्दाम आत जाऊन धन्यवाद दिले.

दोन सूचना मात्र केल्या. पायऱ्या उंच आहेत, एका बाजूला कठडा हवा. आणि वयस्कर लोकांसाठी निदान चार पाठीच्या खुर्च्या. सह्याद्रीपार म्हणतात ते मला पूर्ण पटतं. काका म्हणाले, सुताराला सांगितलंय.

रीलवाली

मी खाण्याच्या जागांचे व्हिडिओ करते. या खाणावळीचा करायची फार इच्छा आहे. चांगल्या जागा लोकांपर्यंत पोचायला हव्यात असं मला वाटतं. कितीतरी चांगली माणसं गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेली मी पाहिलीत. इथल्या जाणत्यांनी सांगावं, करू की नको?

दर्यावर्दी

तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे करू नका. आमच्या बाजूला एका घरगुती ठिकाणाचा व्हिडिओ गाजला. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. मालकाने सुट्टीच्या गर्दीसाठी दोन फ्रीझर घेतले. त्याचं कर्ज फेडायला भाव वाढवले. भाव वाढले तसे रोजचे जेवणारे सुटले. पुढच्या वर्षी लोक दुसऱ्या ठिकाणी वळले आणि आता तिथे कुलूप आहे. त्या माणसाच्या हाताला चव होती हो. त्याचं नुकसान बघवलं नाही.

गिरणगाव_ते_गाव

दर्यावर्दींशी सहमत. ज्यांना गिऱ्हाईक कमी पडतं त्यांच्यासाठी व्हिडिओ नक्की करा, पुण्य लागेल. इथे चाळीस ताटं रोज उठताहेत. वहीत नावं वाढली तर त्यांचं भलं होईल, गाड्या वाढून नाही होणार.

रीलवाली

पटलं. नाही करत. मात्र आजोबांची गोष्ट वाचल्यावर एक सुचलं. कुणा एका जागेचं नाव न घेता, आपल्या गावात महिन्याच्या जेवणाची सोय कशी सुरू करायची, खर्च काय, भांडी किती, परवाने कोणते, यावर व्हिडिओ केला तर? काका-काकी माहिती देतील का?

खाडीकाठ

हे फार छान होईल. विचारून सांगते. चेहरा दाखवायचा नसेल तर नुसता आवाज चालेल ना?

रीलवाली

आवाजही नको असेल तरी चालेल. वहीतला हिशेब मिळाला तर मीच वाचून दाखवीन.

नवशिकी_सुगरण

मी नाशिकला असते, येणं लवकर जमणार नाही. कोणी तिखल्याची कृती द्याल का? इथे बांगडे मिळतात.

आडाळो

देते. आमच्या घरची, वेंगुर्ल्याची थोडी वेगळी असेल.

चार बांगडे साफ करून प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे. मीठ-हळद लावून ठेवा. आठ-दहा बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवा, चमचाभर धणे आणि पाच-सहा लसूण पाकळ्यांबरोबर गंधासारखं बारीक वाटा. खोबरं घालायचं नाही, घातलंत तर ते कालवण होईल. मातीची तवली असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचा टोप. खोबरेल तेलावर वाटण कच्चा वास जाईपर्यंत परता, मिक्सरच्या भांड्यातलं पाणी घाला, मीठ घाला. उकळी आली की पाच-सहा आमसुलं आणि आठ-दहा तिरफळांच्या ठेचलेल्या साली. मग बांगडे सोडा. यानंतर चमचा घालू नका, टोप दोन्ही हातांनी धरून हलवा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. मंद आचेवर सात-आठ मिनिटं. रस अंगाबरोबर राहिला पाहिजे. उतरवल्यावर वरून कच्चं खोबरेल एक चमचा आणि झाकण. दुपारी केलंत तर रात्री खा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर खा, तेव्हा ते खरं लागतं.

नाशिकला तिरफळ नाही मिळालं तर पत्ता कळवा, मी टपालाने पाठवते. त्याच्या जागी दुसरं काही घालू नका.

नवशिकी_सुगरण

आडाळोताई, किती प्रेमाने लिहिलंत! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सह्याद्रीपार

सगळे प्रतिसाद वाचले. माहिती मोलाची आहे, विशेषतः बंदीच्या तारखांची. वेळेबद्दल माझं म्हणणं मात्र कायम आहे. भात संपला असेल तर निदान रस्त्यावरून दिसेल अशी पाटी लावावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढून परत उतरावं लागणार नाही. आणि आधी फोन करून ताटं राखून ठेवता येतात का, तेही कळलं तर बरं. आम्ही मे महिन्यात पुन्हा येणार आहोत. आई त्या पिठीचं नाव अजून काढते.

खाडीकाठ

काल जेवायला गेले तेव्हा सगळ्यांचे प्रश्न विचारून आले. एकत्र लिहिते.

पाटीची सूचना काकांना लगेच पटली. आता फाटकालाच लावणार आहेत. फोनवर ताटं राखतात, पण आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं आणि जास्तीत जास्त सहा. बाहेरच्या माणसाला नंबर बाजारातल्या कुठल्याही वाण्याकडे मिळेल, इथे टाकू नका म्हणाले. मुलं बरोबर असतील तर तेव्हाच सांगा, काकी त्यांच्यासाठी तिखट न घातलेली उसळ बाजूला काढून ठेवतात आणि मिळाला तर बिनकाट्याचा मासा बघतात.

सोमवार आणि गुरुवार शाकाहारी. रविवारी चालू, मंगळवारी बंद. गणपतीत पाच दिवस बंद, कारण दोघंही घरच्या गणपतीत असतात. महिन्याच्या जेवणात सध्या चार जागा आहेत. रोज साधं ताट, आठवड्यातून तीनदा मासळी, पैसे महिनाअखेरीस. ज्यांच्या घरी एकटी वयस्कर माणसं आहेत त्यांना आधी प्राधान्य, हे काकींनी स्वतःहून सांगितलं. मुंबईकर सभासदांपैकी कुणाचे आई-वडील वेंगुर्ले किंवा उभादांड्याला असतील तर मला व्यनि करा, मी नाव नोंदवून येईन. त्या दोन ठिकाणी डबा पोचवायला वाडीतला एक मुलगा सायकलवरून तयार झालाय.

रीलवालींना हिशेबाची वही दाखवायला दोघंही राजी आहेत, दुपारी तीननंतर या म्हणाले, आणि जेवून येऊ नका.

डबा ज्याचा त्याने द्यायचा आहे. तीन पुडांचा, स्टीलचा. प्लॅस्टिकच्या डब्यात काकी गरम पिठी ओतत नाहीत.